मातींतील विषाची रंगपरीक्षा

मराठींत ‘सेंद्रिय’ हा शब्द अलीकडे स्तुतीचा झाला आहे. सेंद्रिय गूळ, सेंद्रिय डाळ, सेंद्रिय भाजी असें म्हटलें कीं शहरांतील गृहिणीच्या मनांत विश्वास उत्पन्न होतो, आणि चार पैसे अधिक देण्यास तिची हरकत नसते. रसायनशास्त्रांत मात्र या शब्दाला असा कोणताही सद्गुण चिकटलेला नाहीं. कर्बाच्या सांगाड्यावर उभा असलेला जवळजवळ प्रत्येक पदार्थ तेथें सेंद्रियच होय. साखर सेंद्रिय, रॉकेल सेंद्रिय, आणि डीडीटीही सेंद्रियच. म्हणून ‘सेंद्रिय प्रदूषक’ हा शब्दप्रयोग प्रथम ऐकणाऱ्यास वदतोव्याघातासारखा वाटला, तरी त्यांत चूक कांहीं नाहीं. तणनाशकें, कीटकनाशकें, सांडलेलीं खनिज तेलें, लाकूड टिकविण्यासाठीं लावलेलीं औषधें हीं सारीं या एकाच सदरांत येतात, आणि त्यांतलीं पुष्कळशीं मातींत गेल्यावर डोळ्यांना दिसत नाहींत, नाकाला कळत नाहींत.

धाराशिव जिल्ह्यांतील कळंब हें मांजरा नदीच्या कांठचें तालुक्याचें गांव आहे. (यवतमाळकडील चिंतामणीचें कळंब तें निराळें.) सभोंवार काळी जमीन, खरिपांत सोयाबीन, रब्बींत ज्वारी आणि हरभरा, आणि जेथें पाण्याची सोय तेथें ऊंस. येरमाळ्याची येडेश्वरी याच तालुक्यांतली, त्यामुळें चैत्री यात्रेच्या निमित्तानें पुण्यामुंबईच्या पुष्कळ कुटुंबांना हा भाग परिचयाचा आहे. कित्येकांची वडिलोपार्जित जमीनही इकडे आहे. या जमिनीच्या कागदांबरोबर आतां आणखी एक कागद असतो, तो म्हणजे मृद आरोग्य पत्रिका. केंद्र सरकारनें २०१५ च्या फेब्रुवारींत ही योजना सुरू केली. तींत मातीच्या १२ गोष्टी तपासल्या जातात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबें, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. ‘सेंद्रिय’ हा शब्द तेथें आहे खरा. पण तो जमिनीच्या सुपीकतेचा अंक आहे, दूषिततेचा नव्हे. मातींत काय कमी आहे हें ही पत्रिका सांगते. नको असलेलें काय शिल्लक राहिलें आहे, तें सांगण्याची जबाबदारी तिच्यावर टाकलेलीच नाहीं.

ही उणीव केवळ पुस्तकी आहे असें कोणी समजूं नये. समजा, एका रानांत जूनमध्यें मका पेरला, आणि तण उगवूं नये म्हणून पेरणीमागोमाग अट्राझीन हें तणनाशक फवारलें. ऑक्टोबरांत मका निघाला आणि त्याच रानांत हरभरा पेरला. किंवा उसाच्या खोडव्यावर तेंच औषध पडलेलें असतां पाणी आटलें, आणि ऊंस मोडून दुसरें पीक घेण्याची पाळी आली. २०१६ सालीं लातूरकरांना मिरजेहून आगगाडीनें पाणी आणून द्यावें लागलें. तशा सालीं मांजरेच्या खोऱ्यांत ऊंस राखून ठेवणें कितीजणांना साधावें? हरभरा उगवतो, हातभर होण्यापूर्वींच पिवळा पडूं लागतो, आणि शेतकरी कृषि-केंद्राच्या दुकानांत जाऊन पिवळेपणावरचें औषध मागतो.

आतां हा पिवळेपणा कशाचा? कळंबकडील जमिनींत चुनखडीचें प्रमाण पुष्कळ ठिकाणीं अधिक आहे. चुन्यामुळें लोह पिकाला मिळेनासें होतें. अशा वेळीं शेंड्याकडील कोंवळीं पानें पिवळीं पडतात, पण शिरा हिरव्याच राहतात. मर रोग असेल तर रोप कोमेजतें, आणि मूळ चिरून पाहिलें असतां आंत काळपट रेघ दिसते. अट्राझीनचा अंश असेल तर उलट खालच्या, जुन्या पानांच्या कडा प्रथम पिवळ्या पडतात आणि मग करपतात. हा भेद सांगण्यास सोपा आहे. शेतांत उभें राहून ओळखण्यास तितका सोपा नाहीं, कारण दोन दुखणीं एकाच रोपाला होऊं शकतात. आणि लोहाच्या फवारणीनें अट्राझीनचा अंश जात नसल्यामुळें चुकलेल्या निदानाचा खर्च फुकट जातो, तो निराळाच.

अट्राझीन वनस्पतीच्या पानांतील प्रकाशसंश्लेषणाची क्रिया बंद पाडतें. मका, ज्वारी आणि ऊंस हीं तृणकुळांतील पिकें तें आपल्या पेशींत निर्विष करून टाकतात, म्हणून त्यांच्यावर तें फवारतां येतें. हरभरा आणि सोयाबीन यांना ती विद्या अवगत नाहीं. हेक्टरीं एक किलो शुद्ध अट्राझीन पडलें असें धरलें, तर वरच्या १५ सेंटिमीटर मातीचें वजन सुमारें २२ लाख किलो भरतें. म्हणजे किलोभर मातीच्या वाट्यास अर्ध्या मिलिग्रॅमहूनही थोडें कमी आलें. तें निम्मे होण्यास साधारणपणें दोन महिने धरतात. त्या हिशेबानें चार महिन्यांनीं चौथा हिस्सा, म्हणजे किलोमागें सुमारें ०.११ मिलिग्रॅम उरावा. परंतु हा कागदावरचा हिशेब झाला. जमीन अल्कधर्मी असेल तर अट्राझीन अधिक काळ टिकतें, आणि ओलच नसेल तर तें मोडणारे जंतू जवळजवळ स्वस्थ बसतात. उलट वर्षानुवर्षें तेंच औषध पडलेल्या रानांत तें खाणाऱ्या जंतूंची वस्ती वाढून तें अपेक्षेपेक्षां लवकर नाहींसें झाल्याचेंही आढळतें. दोन शेजारच्या रानांत एकाच दिवशीं फवारणी झाली, तरी चार महिन्यांनीं दोन्हींत सारखाच अंश असेल असें छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. येथें मोजणें हाच उपाय उरतो.

मोजण्याची जुनी आणि भरंवशाची रीत म्हणजे मोठ्या प्रयोगशाळेंतील क्रोमॅटोग्राफीचीं यंत्रें. तीं अचूक आहेत, एकाच नमुन्यांतील अनेक पदार्थ वेगळे करून दाखवितात. पण तीं महाग, चालविण्यास निष्णात मनुष्य हवा, आणि नमुना पाठवून निकाल येईपर्यंत पेरणीची ओल उडून जाण्याचा संभव. या दोहोंच्या मधील वाट म्हणजे प्रतिपिंडांवर आधारलेली परीक्षा, जिला ‘इम्युनोअसे’ म्हणतात.

प्रतिपिंड ही वस्तु महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. सर्पदंशावर टोंचतात तें प्रतिविष घोड्याच्या रक्तांतून मिळतें, आणि हाफकिनचें नांव त्याशीं पिढ्यान्‌पिढ्या जोडलेलें आहे. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा वाढवीत वाढवीत टोंचल्या म्हणजे त्याचें रक्त त्या विषाला नेमकें ओळखून धरणारे कण तयार करतें. तेच प्रतिपिंड. हीच युक्ति तणनाशकाला लावावी असें मनांत येतें, पण वाटेंत एक अडचण आहे. सापाचें विष हें मोठ्या प्रथिनकणांचें बनलेलें असतें. अट्राझीनचा कण त्याच्या मानानें इतका लहान कीं शरीर त्याची दखलच घेत नाहीं. कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञानें, ज्यानें मनुष्याच्या रक्ताचे गट शोधून काढले त्यानेंच, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत दाखवून दिलें होतें कीं असा लहान कण एखाद्या मोठ्या प्रथिनाला रासायनिक रीतीनें जोडून टोंचला, तर शरीर त्या लहान कणाविरुद्धही प्रतिपिंड तयार करतें. जणूं अंगणांतून गेलेल्या मुंगीकडे ज्याचें लक्ष जात नाहीं, तो तीच मुंगी हत्तीच्या पाठीवर बसून आली म्हणजे तिचा चेहरा लक्षांत ठेवतो!

पुढचा मार्ग वैद्यकानें खुला केला. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनीं १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें रक्तांतील इन्सुलिन प्रतिपिंडांच्या साह्यानें मोजून दाखविलें. खूण म्हणून त्यांनीं किरणोत्सर्गी आयोडीन वापरलें. १९७७ सालीं यालोबाईंना नोबेल पारितोषिक मिळालें. बर्सन त्यापूर्वींच, १९७२ सालीं, वारले होते. किरणोत्सर्गी पदार्थ हाताळणें सर्वांनाच शक्य नाहीं, म्हणून १९७१ सालीं स्वीडनमधील एंगव्हाल व पर्लमान यांनीं खुणेसाठीं रंग उत्पन्न करणारें विकर योजिलें. तीच ‘एलिसा’ परीक्षा, जिचें नांव आतां दवाखान्याच्या कागदांवर पुष्कळांनीं वाचलेलें असतें. १९७५ सालीं कोलर व मिलस्टाइन यांनीं एकाच साच्याचे प्रतिपिंड हवे तितके काढण्याची रीत शोधली, आणि १९८० सालीं ब्रूस हॅमॉक व राल्फ मुम्मा यांनीं कीटकनाशकांच्या तपासणीसाठीं या विद्येचा उपयोग करावा असें साधार प्रतिपादन केलें. त्यानंतरच्या दशकांत अमेरिकेच्या पर्यावरण-रक्षण खात्यानें मातींतील डीडीटी, क्लोरडेन, खनिज तेलें, इतकेंच काय पण स्फोटक टीएनटी यांच्यासाठींही अशा परीक्षांच्या अधिकृत पद्धती प्रसिद्ध केल्या.

परीक्षा चालते कशी, हें समजण्यास लग्नाच्या पंगतीचें उदाहरण पुरेसें आहे. एका मांडवांत ५० पाट मांडले आहेत. यजमानानें आपल्याकडचीं ५० माणसें आणलीं आहेत, आणि प्रत्येकाच्या कपाळीं कुंकवाचा टिळा लावला आहे. पाहुणे कोणी आलेच नाहींत, तर पन्नासही पाटांवर टिळेवाले बसतील. पण बिनटिळ्याचे पाहुणे आले, तर तेही पाटांसाठीं सरसावतील आणि तितके टिळेवाले उभे राहतील. जागा न मिळालेल्यांना बाहेर काढून बसलेल्यांचे टिळे मोजले, म्हणजे पाहुणे किती आले होते याचा अंदाज पाहुण्यांना न मोजतांच येतो. नळीच्या आंतल्या भिंतीला चिकटविलेले प्रतिपिंड हे पाट. विकराची खूण लावलेलें अट्राझीन हे टिळेवाले. मातींतून काढलेलें अट्राझीन हे पाहुणे. नळी धुतली म्हणजे उभे राहिलेले निघून जातात. मग रंग देणारें द्रव्य घातलें कीं बसलेल्या टिळ्यांच्या प्रमाणांत निळा रंग चढतो, आणि शेवटीं आम्लाचे थेंब घातले म्हणजे तो पिवळा होऊन स्थिर होतो.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल, आणि नवख्याची फसगत नेमकी तेथेंच होते. रंग गडद तर माती स्वच्छ. रंग फिका तर मातींत औषधाचा अंश. करोनाच्या साथींत घरोघरीं पट्टीची जी परीक्षा झाली, तीही प्रतिपिंडांचीच होती. पण तिच्यांत रेघ उमटली तर रोग, न उमटली तर नाहीं, असा सरळ अर्थ होता. येथें अर्थ उलटा आहे. गडद नळी पाहून घाबरणारा आणि फिकी पाहून निश्चिंत होणारा, असे दोघेही माहितीपत्रक नीट न वाचल्याचें फळ भोगतात.

प्रत्यक्ष कृति फार लांबलचक नाहीं. समजा, दहा ग्रॅम माती कांचेच्या बाटलींत घेऊन तींत २० मिलिलिटर मेथॅनॉलमिश्रित पाणी घातलें आणि ती बाटली जोरानें हलविली. काळी चिकण माती औषधाला घट्ट धरून बसते, म्हणून येथें घाई उपयोगी नाहीं. बरड जमिनीला पुरेल तेवढें हलविणें या मातीला पुरेलच असें नाहीं. मेथॅनॉल म्हणजे विषारी दारूच्या बातम्यांतून ज्याचें नांव वाचावयास मिळतें तोच पदार्थ. तो पोटांत गेल्यास दृष्टि आणि प्राण दोन्ही जाऊं शकतात, आणि तो पेटही घेतो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हा प्रयोग करूं नये, हें सांगावयास नकोच. गाळ खालीं बसल्यावर वरचें निवळ पाणी घेऊन तें पुष्कळ पातळ करावें लागतें, कारण अधिक मेथॅनॉल प्रतिपिंडांना बिघडवितें. मघांच्या हिशेबांतील ०.११ मिलिग्रॅमची माती घेतली, आणि तिच्यांतील सारें औषध उतरलें, तर बाटलींतील द्रवांत लिटरमागें ५५ मायक्रोग्रॅम अट्राझीन येतें. तें ५० पट पातळ केलें तरी लिटरमागें एकाहून थोडें अधिक मायक्रोग्रॅम उरतें. आणि अट्राझीनच्या चांगल्या संचाला लिटरांतील एका मायक्रोग्रॅमचा दहावा हिस्सादेखील ओळखतां येतो. एक ग्रॅम पदार्थ एक कोटी लिटर पाण्यांत विरघळविला तर तेवढें प्रमाण होईल. ही सूक्ष्मता खरोखर विस्मयकारक आहे.

परंतु सूक्ष्म दृष्टि म्हणजे विशाल दृष्टि नव्हे. अट्राझीनचा प्रतिपिंड अट्राझीनलाच ओळखतो. त्याच मातींत क्लोरपायरिफॉस कितीही असलें तरी नळी गडदच राहील. उलट अट्राझीनच्याच कुळांतील प्रोपाझीन आलें, तर चेहऱ्याच्या साम्यामुळें त्यालाही पाट मिळतो. अट्राझीन मोडून झालेल्या कांहीं पदार्थांना मात्र तो अगदीं क्वचित् ओळख देतो. यासाठीं कोणता पदार्थ शोधावयाचा हें परीक्षेपूर्वींच ठरलेलें पाहिजे, आणि तें ठरविण्यास शेतकऱ्याची फवारणीची वही, किंवा वही नसेल तर गोठ्यांतील रिकामे डबे, हींच खरीं साधनें होत. न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मोठीं यंत्रेंही देत नाहींत. २०१० सालीं महाराष्ट्राचीं द्राक्षें युरोपांत अडलीं, तीं क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशामुळें. निर्यातीपूर्वीं तीं तपासलेलीं होतीं. परंतु तपासावयाच्या पदार्थांच्या यादींत या पदार्थाचें नांव नव्हतें. तीं फळें होतीं, माती नव्हे, आणि परीक्षा यंत्रांची होती. तरी ज्या बागाइतदारांचा माल परदेशच्या बंदरांत पडून राहिला, त्यांनीं यादी किती मोलाची असते हें पुरतें अनुभवलें.

दुसरी अडचण हवामानाची. संचांतील प्रतिपिंड आणि विकर २ ते ८ अंश सेल्सिअस तपमानांत ठेवावे लागतात. कळंबच्या मे महिन्यांत, जेव्हां पारा चाळिशीच्या घरांत असतो आणि वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो, तेव्हां हा नियम पाळणें वाटतें तितकें सोपें नाहीं. रंग चढण्याचा वेगही उष्णतेबरोबर बदलतो. यावर उपाय असा कीं, ठाऊक प्रमाणाच्या नळ्या आणि नमुन्याच्या नळ्या त्याच वेळीं, त्याच सांवलींत, एकत्र चालवाव्या, आणि सकाळच्या रंगाची तुलना दुपारच्या रंगाशीं कधींही करूं नये. शिवाय मातींतील कुजलेल्या काडीकचऱ्यापासून निघणारीं तपकिरी द्रव्यें या परीक्षेंत लुडबुड करतात. शेणखत भरपूर घातलेल्या रानांत नळी विनाकारण फिकी पडण्याचा संभव असतो. म्हणून औषध कधींच न पडलेल्या, पण त्याच प्रकारच्या बांधालगतच्या मातीचा एक नमुना सोबत असणें अगत्याचें आहे. त्याच्या शेजारीं ठेवून पाहिल्यावांचून फिकेपणाला अर्थ नाहीं.

हें सारें करूनही परीक्षा व्यर्थ जाण्याचें सर्वांत मोठें कारण नळींत नसतें, तें फावड्यांत असतें. एका एकरांतील लाखो किलो मातीची साक्ष दहा ग्रॅम माती देणार! ती माती पंप धुण्याच्या जागेवरून घेतली तर सारें रान विषारी ठरेल, आणि बांधावरून घेतली तर सारें निर्दोष. विहिरीजवळची, झाडाखालची, उकिरड्याची, पाणी तुंबणाऱ्या खोलगटाची जागा सोडून नागमोडी चालीनें पंधरावीस ठिकाणची माती सारख्या खोलीपर्यंत काढावी, ती एकत्र मिसळून तिचे चार भाग करावे, समोरासमोरचे दोन टाकून द्यावे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेंच करीत राहावें. येथपर्यंत मृद आरोग्य पत्रिकेच्या नमुन्याचीच रीत आहे. पुढें मात्र फरक पडतो. ती माती कापडी किंवा प्लॅस्टिकच्या पिशवींत चालते. ही कांचेच्या स्वच्छ बरणींत, झांकणाखालीं ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लावून, उन्हापासून दूर आणि थंड ठेवावी लागते. भेगाळलेल्या काळ्या रानांत आणखी एक सावधगिरी हवी : वरची माती भेगेंतून खालीं ओघळते आणि तिच्याबरोबर औषधही, म्हणून फावडें भेगेंत घालूं नये.

ज्यांना संच मिळत नाहीं किंवा परवडत नाहीं, त्यांच्यासाठीं एक जुनी परीक्षा आहे, आणि तिची थट्टा करण्याचें कारण नाहीं. संशयित रानाची माती दोन-तीन कुंड्यांत, आणि औषध न पडलेल्या जागेची माती तितक्याच कुंड्यांत भरावी; दोहोंत हरभऱ्याचे सारखेच दाणे पेरून सारखेंच पाणी द्यावें आणि उन्हांत ठेवावें. दोन-तीन आठवड्यांत रोपेंच आपला निकाल देतात. किती अंश आहे हें कुंडी सांगत नाहीं; पण नळीला जें कळत नाहीं तें तिला कळतें, तें म्हणजे मातींतल्या साऱ्या गोष्टी मिळून हरभऱ्याला सोसतील कीं नाहीं. वेळ हाच काय तो तिचा दोष. नळीचें काम तासा-दोन तासांत आटोपतें आणि एका वेळीं वीस-तीस नमुने पाहतां येतात. म्हणून पुष्कळ रानांतून संशयित तेवढीं निवडावयास नळी, त्यांतील फिक्या ठरलेल्यांचा पक्का आंकडा हवा असल्यास मोठी प्रयोगशाळा, आणि स्वतःच्या घरापुरता प्रश्न असेल तर कुंडी, अशी वांटणी व्यवहारास धरून आहे. न्यायालयांत किंवा व्यापारांत दाखवावयाचा आंकडा मात्र यंत्राचाच लागतो.

शहरवासीयांचा या प्रकरणाशीं संबंध काय, असें कोणास वाटेल. अट्राझीन पाण्यांत थोडेंसें विरघळतें आणि पाण्याबरोबर वाहतें. कळंबच्या शिवारांतील ओढे मांजरेला मिळतात, आणि खालीं धनेगांवच्या धरणांत सांठलेलें पाणी लातूर शहर पितें. पिण्याच्या पाण्यांत अट्राझीन लिटरमागें २ मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल, असें भारतीय मानकानें २०१२ सालीं ठरविलें. युरोपांत कोणत्याही एका कीटकनाशकाला किंवा तणनाशकाला ०.१ मायक्रोग्रॅमचीच मर्यादा आहे. दोन्ही मर्यादा या नळीच्या आटोक्यांत येतात, आणि पाण्याच्या नमुन्याला मेथॅनॉलची गरज नसल्यामुळें तेथें काम अधिकच सुलभ. पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्याचें आणि विहिरीचें पाणी पाहणें, हा या संचांचा कदाचित् मातीपेक्षांही चांगला उपयोग ठरेल.

मातीचा नमुना घ्यावयाचा तो पोळ्याच्या सुमारास, म्हणजे रब्बीची पेरणी ठरण्यापूर्वीं, घ्यावा. उभ्या पिकांतून चालणें अवघड जातें, पण हरभऱ्याचें बीं आणून ठेवल्यावर निकाल हातीं येऊन उपयोग नाहीं. नळी फिकी निघाली आणि कुंडींतील रोपेंही करपलीं, तर तें रान पडीक टाकावें लागतें असें मुळींच नाहीं. अट्राझीनचा जो उरलेला अंश हरभऱ्याला बाधतो, तो ज्वारीला सोसतो. तेवढ्या पट्ट्यांत यंदा शाळू पेरावा, आणि हरभरा बांधापलीकडच्या रानांत न्यावा.